दे केल्डर्स: जिथे देवमासे बघायला बोटीत बसावं लागत नाही

दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनहून गाडीने दोन-अडीच तासांवर दे केल्डर्स नावाचं एक छोटं गाव आहे. समुद्रालगत खडकाळ कडा, कड्यावर घरांच्या काही ओळी आणि कड्याच्या पोटात गुहा. मोठं हॉटेल नाही, मॉल नाही, चौपाटीवरची गर्दी नाही. पण जून ते नोव्हेंबर या महिन्यांत कड्याखालच्या पाण्यात चाळीस-पन्नास टनांचे देवमासे येऊन राहतात. माद्या इथे पिल्लांना जन्म देतात, त्यांना दूध पाजतात आणि पिल्लं लांबच्या प्रवासाला तयार झाली की निघून जातात. हे सगळं रस्त्याच्या कडेच्या बाकावर बसून दिसतं. त्यासाठी तिकीट काढावं लागत नाही.

आपल्याकडे सोशल मीडियावर दिसणारे देवमाशांचे बहुतेक व्हिडिओ बोटीतून किंवा ड्रोनने घेतलेले असतात. त्यामुळे देवमासे बघायचे तर भर समुद्रात जायला हवं, उलट्या सहन करायला हव्यात आणि बक्कळ पैसे मोजायला हवेत, असा समज झाला आहे. दे केल्डर्समध्ये यातलं काहीच लागत नाही. लागतो तो वेळ. आणि गेल्या काही वर्षांत थोडं नशीबही लागू लागलं आहे. ते का, हे पुढे येईलच.

नावाचा अर्थ काय?

डच आणि आफ्रिकान्स भाषेत ‘केल्डर’ म्हणजे तळघर. दे केल्डर्स म्हणजे ‘तळघरं’. जुन्या कागदपत्रांत आणि पुरातत्त्वाच्या लेखांत ‘दी केल्डर्स’ असंही लिहिलेलं आढळतं. गाव एकच.

ही तळघरं म्हणजे कड्यातल्या गुहा. त्या तयार होण्याचं कारण दगडात आहे. खाली टेबल माउंटनच्या जातीचा अतिशय जुना, कठीण वालुकाश्म आहे आणि त्याच्यावर त्या मानाने अलीकडची, मऊ चुनखडी. पावसाचं पाणी चुनखडीत मुरत खाली जातं, वालुकाश्माशी अडतं आणि दोन्ही दगडांच्या सांध्यातून बाहेर पडतं. याच सांध्यावर समुद्राच्या लाटांनीही हजारो वर्षं घाव घातले. दगड पोखरला गेला आणि गुहा झाल्या.

गावातली ‘ड्रुपकेल्डर’, म्हणजे ठिबकणारं तळघर, ही यातली सगळ्यात जुनी प्रसिद्ध गुहा. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही आत गोडं पाणी आहे आणि छतातून ते सतत ठिबकत असतं. केपमधल्या ब्रिटिश राजवटीच्या सुरुवातीच्या काळात तिथे राहिलेल्या लेडी अ‍ॅन बर्नार्ड १७९८ साली ही गुहा बघून गेल्या होत्या. त्यांच्या पत्रांमधून आणि रोजनिशीतून त्या काळचं केप आपल्याला कळतं. थोडक्यात, इथलं पर्यटन सव्वादोनशे वर्षांचं आहे आणि ते देवमाशांनी नव्हे, गुहेने सुरू केलं. आज मात्र ड्रुपकेल्डर ही सहज आत शिरण्यासारखी जागा नाही. जायचंच असेल तर आधी गावात चौकशी करावी, परस्पर खाली उतरू नये. प्रवाशांसाठी रीतसर खुली असलेली गुहा वेगळी आहे. तिचं नाव क्लिपगाट.

इथे येतो तो देवमासा कोणता?

नावात मासा असला तरी देवमासा हा सस्तन प्राणी आहे, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. दे केल्डर्सला प्रामुख्याने दिसतो तो सदर्न राइट व्हेल. पूर्ण वाढलेला प्राणी साधारण पंधरा मीटर लांब असतो, म्हणजे एसटीच्या बसपेक्षाही लांब. पिल्लू जन्मतःच पाच-सहा मीटरचं असतं.

हा ओळखायला सोपा आहे. पाठीवर कल्ला नसतो, पाठ सपाट आणि काळी. श्वास सोडताना उडणारा फवारा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा दोन बाजूंना फाकतो. डोक्यावर पांढरट, खडबडीत चट्टे असतात. हे चट्टे म्हणजे जाड झालेली कातडी. त्यावर उवांसारखे बारीक जीव वस्तीला असतात, त्यामुळे ती पांढरी दिसते. प्रत्येक देवमाशाच्या डोक्यावरची ही नक्षी वेगळी असते आणि आयुष्यभर ओळखता येते. माणसाच्या बोटांचे ठसे असतात ना, तसंच. संशोधक वरून फोटो काढतात आणि या नक्षीवरून कोणती मादी कोणत्या वर्षी पिल्लासह आली होती, याचा हिशेब ठेवतात.

माद्या उन्हाळ्यात थेट दक्षिण महासागरात, अंटार्क्टिकाच्या दिशेने जातात. तिथे कोळंबीसारखे बारीक जीव भरपूर खाऊन अंगावर चरबी साठवतात. हिवाळ्यात त्या बाळंतपणासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर येतात. बऱ्याच माद्या त्याच त्या भागात पुन्हा पुन्हा परततात, म्हणजे हे एक प्रकारचं माहेरच. फरक इतकाच की या माहेरी जेवायला जवळपास काही मिळत नाही. इथे असेपर्यंत मादी साठवलेल्या चरबीवर जगते आणि त्याच चरबीचं दूध करून पिल्लाला पाजते. ऑस्ट्रेलियात ड्रोनने मोजमाप करून झालेल्या एका अभ्यासात दिसलं की सुमारे तीन महिन्यांच्या या काळात मादीचं आकारमान सरासरी पाव हिश्शाने घटतं. आई आटत जाते आणि पिल्लू फुगत जातं, असा हा मामला.

आईपासून तुटलेलं पिल्लू वाचवणं किती अवघड असतं, हे कोकणाने पाहिलं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं एक पिल्लू वाळूत अडकलं होतं. ते वेगळ्या जातीचं होतं. वन विभाग, तटरक्षक दल आणि गावकऱ्यांनी खूप खटपट करून त्याला समुद्रात लोटलं, पण ते जगलं नाही.

जाता जाता एक खुलासा. ‘देवमाशाची उलटी’ कोट्यवधींना विकली जाते, अशा बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतात. तो पदार्थ स्पर्म व्हेल नावाच्या वेगळ्या देवमाशाच्या पोटात तयार होतो. दे केल्डर्सच्या देवमाशाचा त्याच्याशी संबंध नाही. भारतात त्याची खरेदी-विक्री हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

‘राइट’ म्हणजे कोणासाठी राइट?

शिकाऱ्यांसाठी. हा देवमासा संथ पोहतो, किनाऱ्याजवळ येतो, मारल्यावर बुडत नाही, वर तरंगतो. शिवाय त्याच्यात तेल भरपूर आणि तोंडातली झालरीसारखी लवचीक पट्टी लांबलचक. म्हणून मारायला ‘योग्य’ तो हाच, असं व्हेल मारणाऱ्यांनी ठरवलं आणि नाव चिकटलं. दिव्याचं तेल आणि बायकांच्या कमरेचे तंग पोशाख, या दोन गोष्टींसाठी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकी, ब्रिटिश आणि फ्रेंच जहाजांनी केपच्या आसपासचे हे प्राणी जवळजवळ संपवले. नंतर किनाऱ्यावर कायमची केंद्रं उघडून तीच शिकार पुढे चालू राहिली.

१९३५ साली राइट व्हेलला आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळालं. तोवर दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर येणाऱ्या माद्या मूठभर उरल्या होत्या. संरक्षणानंतरही सोव्हिएत जहाजांनी दक्षिण गोलार्धात तीन हजारांहून अधिक राइट व्हेल गुपचूप मारले. हे उघड झालं ते सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर. १९७० च्या दशकापासून मात्र संख्या वर्षाला साधारण सहा ते सात टक्क्यांनी वाढत गेली. एवढा मोठा, सावकाश वाढणारा प्राणी, तीन वर्षांतून एकदा एकच पिल्लू देणारा. त्याच्यासाठी हा वेग म्हणजे जवळपास कमाल मर्यादा. आज दे केल्डर्सच्या कड्यावरून जे दिसतं ती या वाढीची फळं आहेत. आजच्या गावातल्या वयस्कर माणसांच्या लहानपणी हे दृश्य रोजचं नव्हतं.

कड्यावरूनच बघायचं का?

वॉकर बे हा मोठा, बऱ्यापैकी आडोशाचा उपसागर आहे. तान्ह्या पिल्लांच्या माद्यांना असंच शांत पाणी लागतं. उपसागराच्या एका टोकाला हर्मानस हे प्रसिद्ध शहर आणि समोरच्या, पूर्वेकडच्या बाजूला दे केल्डर्स. मधला किनारा लांबलचक वाळूचा. दे केल्डर्सपाशी मात्र वाळू संपून कडा सुरू होतो आणि कड्याच्या पायथ्याशीच पाणी खोल आहे. त्यामुळे देवमासे अगदी कड्यालगत येतात.

दुसरा फायदा उंचीचा. बोटीतून देवमाशाची पाठ, फवारा आणि शेपटी दिसते, बाकी सगळं पाण्याखाली. कड्यावरून तुम्ही वरून खाली बघत असता. पाणी स्वच्छ असेल तर आख्खा प्राणी दिसतो. आईच्या कुशीला चिकटून पोहणारं पिल्लू दिसतं, ते तिच्या पाठीवर चढायचा प्रयत्न करतं तेही दिसतं. कधी मादी डोकं खाली करून शेपटी पाण्याबाहेर उभी धरते आणि काही मिनिटं तशीच राहते. हे ती का करते, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. अंग थंड करण्यासाठी असेल, निव्वळ मजा म्हणूनही असेल. वारा नसलेल्या रात्री कड्यावरच्या घरांत झोपलेल्यांना फवाऱ्याचा ‘फुस्स’ असा आवाजही ऐकू येतो.

बोटीने जायचं असेल तर गान्सबाईच्या पुढे क्लाइनबाई नावाचं छोटं बंदर आहे, तिथून परवानाधारक सहली निघतात. नियम कडक आहेत. दक्षिण आफ्रिकेत साध्या बोटीला देवमाशापासून ३०० मीटर लांब राहावं लागतं. खास परवाना असलेल्या बोटीला ५० मीटरपर्यंत जाता येतं. वॉकर बेचा एक भाग तर २००१ पासून देवमाशांसाठी राखीव आहे आणि १ जुलै ते ३० नोव्हेंबर या काळात तिथे बोटींना बंदी असते. कड्यावर उभ्या माणसाला हे काहीच लागू नाही. देवमासा आपणहून वीस मीटरवर आला तर तो त्याचा निर्णय.

हर्मानस की दे केल्डर्स, असा प्रश्न अनेकांना पडतो. हर्मानसमध्ये दुकानं, हॉटेलं, देवमाशांचा उत्सव आणि देवमासे दिसले की शिंग फुंकून वर्दी देणारा ‘व्हेल क्रायर’ सुद्धा आहे. लहान मुलं बरोबर असतील आणि एकच दिवस हातात असेल तर हर्मानस सोयीचं. पण तिथे कड्याच्या वाटेवर सुट्टीच्या दिवशी माणसांची रांग लागते. शांतपणे तासन्‌तास बसायचं असेल तर दे केल्डर्सला तोड नाही. दोन्हींमध्ये गाडीने पाऊण तासाच्या आतबाहेरचं अंतर आहे, त्यामुळे दे केल्डर्सला मुक्काम आणि हर्मानसला चक्कर हे उत्तम जमतं.

कसं बघायचं?

सकाळी. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि पाण्यात आतपर्यंत दिसतं. दुपारनंतर पाणी चमकतं आणि डोळे दिपतात. सूर्यास्त मात्र थेट समुद्रावर होतो, तो चुकवू नये.

समुद्राकडे बघताना एका जागी नजर रोखून धरू नका. आधी पांढरा फवारा शोधा, मग काळी पाठ. कधी पाण्यावर मोठी गुळगुळीत, तेल सांडल्यासारखी चकती दिसते. देवमासा खाली बुडी मारताना शेपटीने ती उठवतो. म्हणजे तो आत्ताच इथे होता आणि थोड्या वेळाने जवळपासच वर येईल.

मोबाइलमध्ये देवमासा काळ्या ठिपक्यासारखा येतो, ही गोष्ट आधीच मान्य केलेली बरी. साधी दुर्बीण सोबत ठेवली तर कॅमेऱ्यापेक्षा जास्त आनंद मिळेल. ड्रोनचा विचार करू नका. शेजारच्या राखीव क्षेत्रात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि पिल्लासोबतच्या मादीच्या डोक्यावर ते घोंघावत नेणं हा तिला त्रास देण्याचाच प्रकार आहे. रीलसाठी कड्याच्या टोकावर किंवा खालच्या ओल्या खडकांवर उतरणं तर त्याहून वाईट. इथला समुद्र दिसतो तितका शांत नसतो, एखादी मोठी लाट अचानक खडकांवर चढते आणि पाणी हाडं गोठवणारं असतं.

देवमासे नक्की दिसतील का?

ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये दोन-तीन दिवस थांबलात तर शक्यता खूप चांगली. खात्री मात्र कोणी देऊ शकत नाही, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीपेक्षा आता हे जास्त खरं आहे.

दक्षिण आफ्रिकेत १९६९ पासून दरवर्षी या देवमाशांची हवाई मोजणी होते. पीटर बेस्ट या शास्त्रज्ञांनी ती सुरू केली आणि २०१५ साली त्यांच्या निधनानंतर प्रिटोरिया विद्यापीठाच्या व्हेल युनिटने ती चालू ठेवली. हेलिकॉप्टर किनाऱ्याकिनाऱ्याने जातं, माद्या आणि पिल्लांच्या जोड्या मोजल्या जातात, डोक्यावरच्या नक्षीचे फोटो घेतले जातात. एकाच प्राण्याचा इतका दीर्घ, सलग हिशेब जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

या हिशेबात २०१० च्या सुमारास गडबड दिसू लागली. पूर्वी मादी सरासरी तीन वर्षांनी पिल्लू द्यायची. एक वर्ष पोटात, एक वर्ष दुधावर, एक वर्ष विश्रांती आणि चरबी भरून काढणं. आता हे अंतर चार-पाच वर्षांवर गेलं आहे. पिल्लांशिवाय येणारे प्रौढ देवमासे किनाऱ्यावर फारच कमी दिसतात. २०१८ साली पाचशेहून अधिक मादी-पिल्लू जोड्या मोजल्या गेल्या आणि ‘देवमासे परत आले’ अशा बातम्या झळकल्या. पण त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांतले आकडे इतके खाली होते की तो आनंद फसवा ठरला. अनेक माद्यांनी एकाच वर्षी उशिराने पिल्लं दिली, एवढाच त्याचा अर्थ होता.

कारण वॉकर बेमध्ये नाही. ते हजारो किलोमीटर दक्षिणेला, त्यांच्या जेवणाच्या जागी आहे. कातडीच्या नमुन्यांमधल्या रासायनिक खुणांवरून हे देवमासे कुठे आणि काय खाऊन आले, याचा अंदाज बांधता येतो. १९९० च्या दशकातले नमुने आणि अलीकडचे नमुने यांची तुलना केली तेव्हा दिसलं की त्यांनी खाण्याच्या जागा बदलल्या आहेत आणि ते पूर्वीपेक्षा उत्तरेकडे अन्न शोधत आहेत. दक्षिण महासागर बदलतो आहे, समुद्रावरचा बर्फ आणि त्याच्या आधाराने वाढणारे बारीक जीव यांचं गणित बिघडतं आहे, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हवेतून घेतलेल्या फोटोंशी आजच्या फोटोंची तुलना करून झालेल्या एका अभ्यासात माद्या सरासरी २३ टक्क्यांनी बारीक झालेल्या आढळल्या.

आधी सांगितलेला हिशेब इथे आठवावा. मादी इथे काही खात नाही, आणलेल्या शिदोरीवर जगते आणि त्यातूनच पिल्लाला पाजते. शिदोरीच कमी असेल तर ती पिल्लू लांबणीवर टाकते किंवा किनाऱ्यावर कमी दिवस थांबते. कड्यावर बसलेल्या माणसाला मग रिकामा समुद्र दिसतो. गावातल्या अतिथिगृहांचा आणि सहलींचा हंगाम या देवमाशांवरच चालतो. त्यामुळे ‘या वर्षी किती आले’ हा प्रश्न इथे पावसाच्या अंदाजासारखा विचारला जातो.

हे वाचून बेत रद्द करायचं कारण नाही. वाईट वर्षातही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माद्या येतात. पण ‘शंभर टक्के दिसणार’ असं कोणी सांगून पैसे घेत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. शिवाय एक दिवसाची धावती सहल ठेवण्यापेक्षा मुक्काम वाढवलेला बरा.

शार्कचं काय?

शेजारचं गान्सबाई हे गाव पिंजऱ्यात बसून ग्रेट व्हाइट शार्क बघण्यासाठी जगप्रसिद्ध होतं. तिथले जुने व्हिडिओ अजून फिरत असतात. २०१७ पासून तिथे काही शार्क यकृत काढून घेतलेल्या अवस्थेत किनाऱ्याला लागले. ही करामत ‘पोर्ट’ आणि ‘स्टारबोर्ड’ या टोपणनावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन ऑर्कांची. त्यानंतर ग्रेट व्हाइट तिथे दिसणं फार कमी झालं. पिंजऱ्याच्या सहली अजूनही निघतात, पण आता बहुतेकदा दुसऱ्या जातीचे शार्क दिसतात. जुना व्हिडिओ बघून पैसे भरू नयेत.

क्लिपगाट: सत्तर हजार वर्षांपूर्वीचा शेजार

गावाच्या उत्तर टोकाला केपनेचर या सरकारी संस्थेचं वॉकर बे राखीव क्षेत्र सुरू होतं. फाटकावर प्रवेश शुल्क भरायचं, थोडं चालायचं आणि पायऱ्यांनी खाली उतरलं की क्लिपगाट गुहा. आत उभं राहिलं की गुहेच्या तोंडातून समोर उपसागर चौकटीत बसवल्यासारखा दिसतो. फोटो सगळे याच जागेचे असतात. पण गुहेची खरी श्रीमंती पायाखाली आहे.

१९६९ ते १९७३ या काळात फ्रान्झ श्वाइट्झर यांनी इथे उत्खनन केलं. १९९० च्या दशकात फ्रेडरिक ग्राइन, रिचर्ड क्लाइन, कर्टिस मेरियन आदींच्या पथकाने पुन्हा खोदकाम केलं. खालच्या थरांत साधारण ६० ते ८० हजार वर्षांपूर्वी राहिलेल्या माणसांच्या खुणा सापडल्या: दगडी हत्यारं, चुलींची राख, शिंपल्या, सील, पेंग्विन, कासवं आणि हरणांची हाडं. माणसांचे सुटे दातही सापडले, त्यातले बरेचसे लहान मुलांचे. ही माणसं आपल्यासारखीच आधुनिक माणसं. त्या काळी भारतात माणूस काय करत होता याचे पुरावे तुरळक आहेत. इथे मात्र त्यांच्या जेवणाचा उष्टावळा थर लावून ठेवला आहे.

मग मोठा खंड पडतो. हिमयुगात समुद्राची पातळी शंभराहून अधिक मीटर खाली गेली आणि किनारा या गुहेपासून कित्येक किलोमीटर लांब सरकला. जिथे आज देवमासे पोहतात तिथे तेव्हा गवताळ मैदान होतं. गुहेत माणसाच्या वस्तीऐवजी नुसती वाळू साचत राहिली. वस्तीचे पुढचे थर थेट साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. त्यात मातीची भांडी आहेत आणि मेंढ्यांची हाडंही. म्हणजे तोवर इथे पाळीव जनावरं आली होती.

दोन्ही काळच्या माणसांनी खडकावरच्या टोपीसारख्या शिंपल्या आणि कासवं खाल्ली. रिचर्ड क्लाइन यांनी दोन्हींचे आकार मोजले. जुन्या थरातल्या शिंपल्या आणि कासवं मोठी निघाली, नव्या थरातली लहान. कासव सावकाश वाढतं. खाणारी तोंडं थोडी असतील तर काही कासवांना मोठं व्हायला अवधी मिळतो. तोंडं वाढली की मोठी आधी संपतात आणि मग लहानांवर पाळी येते. यावरून, सत्तर हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर माणसं अगदी विरळ होती, असा त्यांचा तर्क आहे. कासवाच्या हाडावरून जनगणना करण्याचा हा प्रकार पुरातत्त्वात बराच गाजला.

त्या माणसांनी देवमासे बघितले असतील का? कड्यावर राहणाऱ्याला ते चुकवणं कठीण. याच किनाऱ्यावर पूर्वेकडे मोसेल बे जवळच्या पिनॅकल पॉइंट इथल्या गुहेत, देवमाशाच्या कातडीवरच वाढणाऱ्या एका कवचधारी जीवाचा अवशेष सापडला आहे. किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या देवमाशाचं मांस कोणीतरी गुहेत नेलं असणार, असा त्याचा अर्थ लावला जातो.

गुहेत काही उचलू नका, भिंतींवर काही लिहू नका. चालण्याची आवड असेल तर गान्सबाईपासून किनाऱ्याकिनाऱ्याने क्लिपगाटपर्यंत येणारी सुमारे सात किलोमीटरची ड्युवेल्सगाट नावाची पायवाट आहे. गुहेपलीकडे ‘दी प्लाट’ हा निर्मनुष्य, पांढऱ्या वाळूचा लांब किनारा सुरू होतो. तिथे लाल चोचीचे काळे ऑइस्टरकॅचर पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतात, तेव्हा भरतीरेषेच्या वर जपून पावलं टाकावीत.

जायचं कसं आणि कधी?

मुंबईहून केप टाऊनला जाताना साधारणपणे दुबई, दोहा, अदिस अबाबा किंवा जोहान्सबर्गमार्गे विमान बदलावं लागतं. भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागतो, त्याचे नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाआधी ताजी माहिती बघावी. केप टाऊनहून दे केल्डर्सला सार्वजनिक वाहतुकीने पोचणं जवळपास अशक्य. गाडी भाड्याने घेणं हाच व्यवहार्य मार्ग. तिथेही आपल्यासारखंच डाव्या बाजूने गाडी चालवतात, त्यामुळे अवघड जात नाही. सरळ रस्ता हर्मानस आणि स्टॅनफर्डवरून येतो. वेळ असेल तर बेटीज बेवरून समुद्राकाठचा रस्ता घ्या, वाटेत पेंग्विनची वसाहत आहे. अंधार पडायच्या आत पोचावं. किराणा, पेट्रोल आणि एटीएमसाठी गान्सबाई काही मिनिटांवर आहे. मोबाइल चार्जरसाठी आपल्या गिझरचा असतो तसा जाड, गोल तीन पिनांचा प्लग लागतो.

गोलार्ध उलटा असल्याने जून ते ऑगस्ट तिथे हिवाळा आणि पावसाळा एकत्र असतात. रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो आणि कड्यावरचा वारा त्याहून बोचरा. स्वेटरवर वारा अडवणारं जॅकेट हवंच. आपल्या कॅलेंडरच्या भाषेत सांगायचं तर गणपती ते दिवाळी हा देवमाशांचा ऐन हंगाम. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर पिल्लं अंगाने भरलेली आणि खेळकर असतात, हवाही बरी असते.

घोळ होतो तो मे महिन्याच्या सुट्टीचा. महाराष्ट्रातली बहुतेक कुटुंबं परदेशी सहल मेमध्ये काढतात आणि टूर कंपन्यांच्या जाहिरातींत देवमाशाचा फोटो बाराही महिने असतो. डिसेंबर ते मे या काळात राइट व्हेल इथे नसतात. वर्षभर या किनाऱ्यावर राहणारा ब्रायडीज व्हेल क्वचित लांबवर दिसतो, डॉल्फिन दिसतात, इतकंच. तेव्हा मेमध्येच जायचं असेल तर क्लिपगाट, दी प्लाटचा किनारा आणि स्टॅनफर्ड गाव यासाठी एक दिवस ठेवा आणि दुर्बीण घरी ठेवली तरी चालेल.